शाळेच्या सिस्टरने दुरून शिकावं का? शिकावं, पण कुठलं ते बघून

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही कळेल. 11 वर्षं वॉर्डात काढून गेली 3 वर्षं तुम्ही एका शाळेत एकट्या परिचारिका आहात. सार्वजनिक आरोग्यात, शालेय आरोग्याला धरून, पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे. नोकरी सोडणं शक्य नाही, म्हणून दूरस्थ. समोर दोन अभ्यासक्रम आहेत. पहिला पूर्ण रेकॉर्ड केलेला आहे, आपल्या सवडीने बघा, चाचण्या द्या, पुढे चला. दुसऱ्यात आठवड्यातून एक संध्याकाळ थेट वर्ग, वर्षातून एकदा आठवडाभर प्रत्यक्ष हजेरी, आणि तुमच्या जवळपास एक मार्गदर्शक तुम्हीच शोधायची अट. पहिला सोयीचा वाटतो, दुसरा जाचाचा. वर दोन शंका: हाताचं काम पडद्यावर कसं शिकणार, आणि चाळिशी ओलांडल्यावर सांख्यिकी झेपेल का.

सिस्टर, दुसरा घ्या. कारण मात्र लोक सहसा देतात ते नाही. समोरासमोरचं ते खरं आणि पडद्यावरचं ते पातळ, असं मी मानत नाही. मी स्वतः नोकरी करत दुरूनच शिकले आणि गेली कित्येक वर्षं दुरूनच शिकवते. माझं कारण वेगळं आहे.

शाळेतली परिचारिका मुळातच दुरून काम करते. वॉर्डात तुम्ही हाक मारलीत की बाजूच्या खाटेवरची सिस्टर वळून बघते, डॉक्टर दहा मिनिटांत येतात, चार्ट सगळ्यांसमोर असतो. शाळेत तुम्ही, एक खाट, एक कपाट आणि समोर पोट धरून बसलेलं पोर. डॉक्टर फोनवर, आई फोनवर, मुख्याध्यापक मीटिंगमध्ये. आपल्या डोळ्यांना जे दिसतंय ते, ज्याला दिसत नाही अशा माणसाला शब्दांत सांगायचं, त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि मग निर्णय आपणच घ्यायचा. हेच तर तुमचं रोजचं काम. ज्या अभ्यासक्रमात तुम्हाला दर आठवड्याला एखादी केस बोलून किंवा लिहून मांडावी लागते, कोणीतरी ती उलटीपालटी करून विचारतं आणि तुम्हाला आपली बाजू सांभाळावी लागते, तो तुमच्याकडून याच कामाचा सराव करून घेतो. ज्यात तुम्ही रात्री एकट्याने व्हिडिओ बघून बरोबरच्या खुणा करता, तो तुम्हाला एकटीच ठेवतो. एकटेपण तुमच्याकडे आधीच भरपूर आहे. त्यासाठी फी कशाला भरायची?

दूरस्थ शिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी 1970च्या दशकापासून हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली. त्यांचं म्हणणं असं की दूरस्थ शिक्षणातलं खरं अंतर मैलांत मोजायचं नसतं, ते शिकवणारा आणि शिकणारा यांच्या समजुतीत असतं. संवाद वाढला की ते कमी होतं. अभ्यासक्रम जितका आधीच बांधून, सीलबंद करून ठेवलेला, तितकं ते वाढतं आणि मग सगळा भार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शिस्तीवर पडतो. पहिला अभ्यासक्रम वाईट आहे असं म्हणत नाही. ज्याच्याभोवती सहकारी आहेत, ज्याला जेवणाच्या सुट्टीत "हे कळलं का तुला?" असं विचारायला माणूस आहे, त्याला तो चालून जातो. तुम्हाला तसं माणूस नाही.

दुरून शिकणं म्हणजे काहीतरी नवं, कामचलाऊ, असा जो एक सूर असतो, त्याची तुम्ही फिकीर करू नका. लंडन विद्यापीठाने बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळवायची सोय 1858 मध्ये केली. याच विद्यापीठाशी जोडलेली लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन साथरोगशास्त्रासारखे विषय 1990च्या दशकाच्या शेवटापासून दुरून शिकवते आहे. त्या काळी अभ्यास टपालाने घरी यायचा. सार्वजनिक आरोग्याला हे मानवतं याचं कारण विषयातच आहे. या विषयाचा रोगी म्हणजे लोकसंख्या, आणि ती वर्गात आणून बसवता येत नाही. ती तिथे असते जिथे तुम्ही नोकरी करता.

आता शाळेतल्या परिचारिकेला सार्वजनिक आरोग्य कशाला लागतं, हेही एकदा बघू, कारण अभ्यासक्रम निवडताना त्याचा उपयोग होईल. 1902 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला एका महिन्याच्या प्रयोगावर चार शाळा दिल्या गेल्या. सुचवणाऱ्या होत्या तिथल्याच परिचारिका लिलियन वॉल्ड. त्याआधी डॉक्टर शाळेत येऊन मुलं तपासत आणि खरूज, नायटा, उवा, डोळ्यांची खुपरी दिसली की घरी पाठवून देत. घरी कोणी औषध करत नसे, मूल रस्त्यावर इतर मुलांबरोबर खेळत असे, आणि शाळा मात्र बुडत असे. रॉजर्स यांनी शाळेतच मलमपट्टी सुरू केली, घरोघर जाऊन आयांना उपचार दाखवले, आणि वर्षभरात घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे 90 टक्क्यांनी उतरलं. यात मलम नवं नव्हतं. नवं होतं ते मोजमाप. "किती मुलांना रोग आहे" याऐवजी "किती मुलं रोगापायी वर्गाबाहेर आहेत" हे कोणीतरी मोजलं, म्हणून प्रयोग टिकला आणि पुढे आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. तुमच्या पदवीचं मर्म एवढंच आहे. पट्टी बांधणं तुम्हाला येतं. आता काय मोजायचं ते शिकायचं आहे.

हे दुरून कसं शिकवलं जातं त्याचा एक नमुना सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने, तीही शाळेतली एकटी सिस्टर, पहिल्या असाइनमेंटसाठी आजारी खोलीची दीड महिन्याची नोंदवही उघडली. इयत्तेप्रमाणे भेटींची बेरीज केली, सुंदर रंगीत तक्ता काढला आणि निष्कर्ष लिहिला: पाचवीची मुलं सर्वांत जास्त आजारी पडतात, सबब पाचवीत आरोग्य शिक्षणाचा कार्यक्रम घ्यावा. मी समासात दोन शब्द लिहिले: "छेद कुठाय?"

तिला राग आला. तसं तिने नंतर सांगितलं. थेट वर्गात मी तो तक्ता तिच्या परवानगीने सगळ्यांसमोर ठेवला आणि दुसऱ्याच एका विद्यार्थिनीने विचारलं, "तुमच्याकडे पाचवीच्या तुकड्या किती?" तुकड्या होत्या चार. बाकी इयत्तांच्या दोन दोन. मुलं दुप्पट, म्हणून भेटी दुप्पट. मुलांची एकूण संख्या छेदात घेऊन शंभर मुलांमागे किती भेटी, असं काढल्यावर पाचवी कुठल्या कुठे मागे गेली आणि वर आली तिसरीची एक लहानशी तुकडी, जी रंगीत तक्त्यात दिसतही नव्हती. मग वेळा बघितल्या. त्या तुकडीच्या बहुतेक भेटी साडेदहा ते अकराच्या दरम्यान, तक्रार पोटदुखी किंवा डोकं दुखणं. वेळापत्रक बदललं तेव्हा त्या एका तुकडीची छोटी सुट्टी पुढे ढकलली गेली होती. पोरं भुकेली होती. सुट्टी पुन्हा पहिल्या वेळेवर आणली, भेटी उतरल्या. आरोग्य शिक्षणाचा कार्यक्रम कोणी घेतला नाही, आणि बरंच झालं.

ही गोष्ट वर्गखोलीत बसून शिकवता आली असती का? मला नाही वाटत. साथरोगशास्त्र शिकवताना सगळेच 1854 ची लंडनची पटकीची साथ आणि डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू मांडून एका पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवणारा नकाशा घेतात, मीही घेते. तो उत्तम आहे. पण त्यात उत्तर आधीच माहीत असतं, पंपाचा दांडा कोणी काढला तेही माहीत असतं. (साथ दांडा काढायच्या आधीच ओसरू लागली होती, हे मात्र फार थोडे लोक सांगतात, आणि शिकण्यासारखं खरं तेच आहे.) तुमच्या नोंदवहीतलं उत्तर कोणालाच माहीत नसतं, मलासुद्धा. दूरस्थ विद्यार्थिनीची प्रयोगशाळा तिच्या कामाच्या जागी रोज सकाळी उघडते, हा फायदा पूर्णवेळ वसतिगृहात राहून शिकणाऱ्याला मिळत नाही. म्हणून दोन्ही अभ्यासक्रमांच्या लोकांना एवढं विचारा: असाइनमेंट माझ्या शाळेवर करता येतात, की सगळ्यांना एकच ठरलेली केस असते? उत्तर दुसरं असेल तर त्या अभ्यासक्रमाने दूरस्थ असण्याची अर्धी ताकद फुकट घालवली.

आता सांख्यिकी. भीती मी समजू शकते, कारण मीही पहिल्या सत्रात रडले होते. पण खरं सांगायचं तर दुरून सर्वांत चांगला शिकवता येणारा विषय हाच. रेकॉर्डिंग थांबवता येतं. शिक्षक फळ्यावर पुढे निघून गेला आणि आपण मागे राहिलो, असं होत नाही. एकाच बैठकीत चार तास मात्र बसू नका, अर्धा अर्धा तास आठवडाभर पसरून बसा. माझ्या अनुभवात चाळिशीनंतर पाठांतराचा वेग कमी झालेला असतो, पण आकडा बघून "यात काहीतरी गडबड आहे" हे ओळखणारी नजर विशीपेक्षा तेज असते. या विषयाला तीच लागते.

लागणारं गणित कुठल्या पातळीचं, तेही बघा. समजा शाळेत 1000 मुलं आहेत आणि त्यातल्या 5 टक्के, म्हणजे 50 मुलांना खरोखर नजरेचा दोष आहे. तुमची चाळणी तपासणी (स्क्रीनिंग) दोषी मुलांपैकी 90 टक्के पकडते आणि निर्दोष मुलांपैकी 90 टक्क्यांना निर्दोषच ठरवते. ऐकायला झकास. आता मोजा. 50 पैकी 45 सापडली. उरलेल्या 950 निर्दोष मुलांपैकी 10 टक्के, म्हणजे 95 मुलं, उगाच सापडली. तुम्ही 140 घरी चिठ्ठ्या पाठवल्या आणि त्यातल्या 45 खऱ्या. म्हणजे दर तीन पालकांपैकी दोघं सुट्टी काढून, पैसे खर्चून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले आणि "काही नाही हो" ऐकून परत आले. पुढच्या वर्षी ते तुमची चिठ्ठी उघडणारसुद्धा नाहीत. म्हणून चिठ्ठीआधी सापडलेल्या मुलांची दुसरी फेरी. ती पहिल्याइतकीच नेमकी आणि तिच्यापासून स्वतंत्र धरली तर 140 ची सुमारे 50 होतात आणि त्यातली 40 खरी असतात. त्याची किंमतही आहे, दोन फेऱ्यांत मिळून 10 खरी मुलं निसटली. ती चालतील का? हा प्रश्न गणिताचा राहिला नाही, आणि पदव्युत्तर शिक्षण इथून सुरू होतं. विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1968 मध्ये चाळणी तपासणीची जी तत्त्वं लिहिली, त्यात रोग महत्त्वाचा हवा, त्यावर मान्य उपचार हवा आणि निदान-उपचाराची सोय उपलब्ध हवी, हे येतंच. आपल्याकडे पुढची सोय नसताना मुलं चाळून यादी करणं म्हणजे पालकांच्या हाती नुसती काळजी देणं. वरच्या हिशेबात बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी यापलीकडे काय होतं? सॉफ्टवेअर पुढे येईल, तेही येतं.

हाताच्या कामाची शंका मात्र रास्त आहे, आणि तिथे मला दूरस्थवाल्यांची बढाई आवडत नाही. व्हिडिओवरून काय कळतं आणि काय कळत नाही याचे मला दोन चांगले धडे मिळाले आहेत.

एका विद्यार्थिनीने दृष्टी तपासणीचा व्हिडिओ पाठवला. मुलांचं चित्रीकरण करायला बंदी होती, म्हणून तिने स्वतःच्या मुलालाच बसवलं होतं. तक्ता, उजेड, 3 मीटरचं अंतर, सगळं चोख. पण फोन तिने आपल्या मागे ठेवला होता, त्यामुळे मला मुलाचं तोंड दिसत होतं. पोरगं डोळ्यावर पंजा ठेवून बोटांच्या फटीतून बघत होतं आणि वर कंबरेतून पुढे झुकलं होतं. 30 सेंटिमीटर झुकलं की 3 मीटरचा दहावा भाग गेला. तिच्या शेजारी उभी असते तर मी तिचे हात बघितले असते, मुलाकडे नसतं बघितलं. पंजाऐवजी झाकणी वापरा, रेघेवर पाय नाही तर डोळे आणा, हे मी त्या व्हिडिओमुळे आता सगळ्यांना सांगते. इथे पडदा जिंकला.

दुसरा धडा श्रवण तपासणीचा. 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झचे सूर 20 डेसिबलला, शांत खोलीत. व्हिडिओत खोली इतकी शांत की मी कौतुकाचा शेरा लिहिला. पुढे हजेरीच्या आठवड्यात तिच्या जवळच्या मार्गदर्शक सिस्टर सहज म्हणाल्या, "अहो, शेजारीच संगीताचा वर्ग चालतो, निम्मी मुलं नापास होतात त्या खोलीत." फोन मागचा आवाज आपणहून गाळून टाकतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पडद्यावरून ज्या गोष्टीला शाबासकी दिली तीच बिघडलेली होती. तेव्हापासून श्रवण तपासणीवर मी व्हिडिओ बघून सही करत नाही. खोलीत माणूस लागतो.

म्हणून तो जवळचा मार्गदर्शक. तुम्हाला जाच वाटतोय तो हाच, आणि अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा भागही हाच. तो मोठ्या नावाचा असायची गरज नाही. शाळा किंवा वस्ती पातळीवर काम केलेली, तुमच्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली परिचारिका बास. अट एकच, तिने प्रत्यक्ष उभं राहून बघितलं पाहिजे. दम्याच्या मुलाला स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून पंप देताना तोंडाभोवती फट राहते का. तीव्र अ‍ॅलर्जीच्या झटक्यात एपिनेफ्रिनचं पेन (तयार भरलेलं इंजेक्शन) मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून, त्या पेनवर लिहिलंय तितके सेकंद खरंच धरून ठेवता का, की घाबरून लगेच ओढता. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबताना, मिनिटाला 100 ते 120 दाब हे सगळ्यांना पाठ असतं, पण दाब पूर्ण सोडून छाती वर येऊ देणं पुतळ्यावर, कोणी बघत असतानाच सुधारतं. आणि हे कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागतं, म्हणून वर्षातून एकदाच्या आठवड्यावर विसंबू नका. स्थानिक मार्गदर्शकाबरोबर दर तिमाहीला अर्धा तास पुतळ्यावर घाला.

मार्गदर्शक शोधून द्यायचं काम विद्यापीठाने तुमच्यावर टाकलंय. ठीक आहे, बहुतेक जण टाकतात. पण एकदा मिळाल्यावर ते तिच्याशी बोलतात का, हे विचारा. माझ्या स्वतःच्या शिक्षणात माझ्या मार्गदर्शक बाईंना विद्यापीठाकडून दोन वर्षांत एकच गोष्ट आली, ती म्हणजे शेवटी भरायचा पाच पानी फॉर्म. काय बघायचं, किती कडक व्हायचं, अडलं तर कोणाला फोन करायचा, काही नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळीकडे "उत्तम" लिहून दिलं. ते "उत्तम" मला आजही टोचतं.

एक काम मात्र असं आहे की ते दुरूनच जास्त चांगलं शिकता येतं: फोनवरचं बोलणं. मी विद्यार्थिनीला ठरलेल्या वेळेत कधीही फोन करते आणि एखाद्या मुलीच्या आईची भूमिका घेते. कधी चिडलेली आई, कधी कामावरून निघता न येणारी, कधी "तिला मधुमेह आहे हे वर्गात कोणाला कळता कामा नये" म्हणणारी. सिस्टरने मला धीर द्यायचा, साखर 70 च्या खाली गेली होती, 15 ग्रॅम साखर दिली, 15 मिनिटांनी परत मोजली, आता किती आहे, हे क्रमाने सांगायचं, आणि शेवटी मी काय करायचं ते माझ्याकडूनच वदवून घ्यायचं. पहिल्या फोनवर जवळजवळ प्रत्येक जण आकडे सांगायच्या आधी माफी मागते. माफी ऐकली की आईला वाटतं भयंकर काही झालं. हे तीन-चार फोनांत सुटतं. यासाठी कोणाला प्रवास करायची गरज नाही, कारण प्रत्यक्षातही ते फोनवरच होणार आहे.

चर्चेच्या पानांबद्दल माझं मत कडवट आहे. आठवड्याला एक लेख आणि दोन प्रतिसाद सक्तीचे केले की चाळीस जणी एकमेकींना "खूप छान मुद्दा मांडलात" लिहितात आणि रविवारी रात्री साडेअकराला सगळं पान भरून जातं. मी ते बंद केलं. आता तिघी-तिघींचे गट करते. एक केस मांडते, दुसरी फक्त प्रश्न विचारते, तिसरी शेवटी निर्णय आणि त्याचं कारण पाच ओळींत लिहिते. पुढच्या वेळी भूमिका बदलतात. असे गट पदवीनंतरही टिकलेले मी पाहिले आहेत. संध्याकाळी "हे पुरळ कशाचं वाटतं?" असं विचारायला दोन माणसं कायमची मिळतात. तुमच्या शाळेत जे माणूस नाही असं मी वर म्हटलं, ते हे.

मात्र ते पुरळाचं छायाचित्र गटावर टाकायचं नाही. शब्दांत वर्णन करा. मुलाचं नाव खोडलं म्हणजे मूल लपलं असं होत नाही. "सातवीतली इन्सुलिन घेणारी मुलगी" म्हटलं की शाळा ओळखणाऱ्या कोणालाही ती कळते. असाइनमेंटच्या तक्त्यात पाचपेक्षा कमी मुलांचा रकाना आला तर आकडा देऊ नका, शेजारच्या इयत्तेत मिळवून टाका. नोंदवही वापरायला शाळेची लेखी परवानगी प्रवेशाआधीच घेऊन ठेवा, नंतर सत्र संपत आलं की मुख्याध्यापक सापडत नाहीत.

वेळेचा हिशेब जाहिरातीवरून करू नका. ब्रिटिश पद्धतीत पदव्युत्तर पदवी 180 श्रेयांकांची (क्रेडिट्सची) आणि एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे 10 तास धरतात, म्हणजे 1800 तास. वर्षाचे 45 आठवडे हाती धरले तर दोन वर्षांत उरकायला आठवड्याला 20 तास लागतात, तीन वर्षांत 13 च्या आसपास. नोकरी आणि घर सांभाळून 20 तास मी फार थोड्या जणींना जमलेले बघितले. तीन वर्षं घ्या. आणि शाळेच्या वार्षिक आरोग्य तपासणीच्या महिन्यात कुठलाही जड विषय घेऊ नका, अगदी दोन्ही हात मोकळे दिसत असले तरी.

कागदपत्रांचं एक कलम, तेही झटपट. सार्वजनिक आरोग्याची पदवी आणि परिचारिका म्हणून नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरी मिळत नाही. शालेय परिचारिकेचं प्रमाणपत्र काही ठिकाणी तिसरंच असतं. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना सीईपीएच ही परिषद मान्यता देते, तिथल्या एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीला) किमान 42 श्रेयांक आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतोच, मग अभ्यासक्रम पडद्यावर असो की वर्गात. तुम्ही ज्या हद्दीत काम करता तिथली नोंदणी परिषद त्या विद्यापीठाचे प्रात्यक्षिक तास मोजते का, हे विद्यापीठाला न विचारता परिषदेला विचारा, आणि लेखी घ्या. विद्यापीठ "हो" म्हणणारच.

आणि निवडीआधी दोन्ही ठिकाणच्या दोन दोन माजी विद्यार्थिनी गाठा. "कसा आहे अभ्यासक्रम?" विचाराल तर "छान" ऐकाल. त्याऐवजी विचारा: तुमच्या कामाबद्दल कोणीतरी तुम्हाला "हे चुकलं" असं शेवटचं कधी सांगितलं, आणि किती दिवसांत? रेकॉर्डेडवाल्यांनी तारीख सांगितली तर माझा सल्ला खुशाल बाजूला ठेवा.

प्रवेशाला अजून चार महिने आहेत म्हणता. तोवर नोंदवहीत तीन रकाने वाढवा: मूल खोलीत किती वाजता आलं, किती वाजता गेलं, आणि कुठे गेलं, वर्गात, घरी की दवाखान्यात. मागच्या पानावर प्रत्येक तुकडीचा पट लिहून ठेवा. पहिल्या सत्रात मी, किंवा माझ्यासारखी कोणीतरी, समासात छेद मागणारच आहे.